डाव की राज्य? वहीच्या शेवटच्या पानावरचं गणित

सांगलीत विश्रामबागेत माझा गणिताचा लहानसा क्लास आहे. पावसाळ्यात लाइट गेली की शिकवणं थांबतं आणि वह्यांची शेवटची पानं उघडतात. अशाच एका संध्याकाळी सातवीतला एक मुलगा मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चेहरा रडवेला. "सर, हा रडीचा डाव खेळतोय. सतरा वेळा फुली-गोळा खेळलो, एकदाही हरला नाही."

त्याच वेळी मागच्या बाकावर दुसरंच भांडण पेटलं होतं. आठवीतली एक मुलगी ठिपक्यांच्या खेळात सगळ्यांना हरवते आणि मुलं म्हणतात, तिचं नशीबच जोरात आहे. मी तिचा खेळ लक्ष देऊन पाहिला होता. हाताशी आलेले दोन चौकोन ती मधेच सोडून देते. मुलं हसतात, ते दोन चौकोन घेतात आणि पुढच्या मिनिटाला हरतात.

मोबाईल रडीचा डाव खेळत नव्हता आणि त्या मुलीचा नशिबाशी काही संबंध नव्हता. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती. विटीदांडूत आपला डाव आला की हात शिवशिवतात, लपाछपीत आपल्यावर राज्य आलं की तोंड उतरतं. कागदावरच्या खेळांतही "आता तुझी पाळी" याचे हेच दोन अर्थ होतात. पाळी आली म्हणजे डाव मिळाला की राज्य आलं, हे ज्याला आधी ओळखता येतं तो जिंकतो. बाकीचं गणित यातूनच निघतं.

फुली-गोळा: पाळी म्हणजे डाव

नऊ घरं. पहिल्या चालीला नऊ जागा, दुसरीला आठ, तिसरीला सात. सगळ्यांचा गुणाकार ३,६२,८८०. पण कुणी जिंकलं की खेळ तिथेच थांबतो, म्हणून प्रत्यक्षात होऊ शकणारे खेळ २,५५,१६८. वही फिरवली किंवा आरशात धरली तर जे सारखेच दिसतात ते एक धरले, की उरतात २६,८३०. आणि खेळ न मोजता फक्त फळ्यावर दिसू शकणाऱ्या वेगवेगळ्या स्थिती, अशाच सारख्या दिसणाऱ्या एक धरून, मोजल्या तर त्या निघतात ७६५. एवढ्या तर शंभर पानी वहीत मावतील. मोबाईलला त्या सगळ्या तपासायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

तपासल्यावर काय दिसतं? दोघांनीही चूक केली नाही तर बरोबरी. नेहमीच. त्यामुळे तो मुलगा सतरा वेळा हरला असेल किंवा बरोबरीत सुटला असेल, पण जिंकणं त्याच्या हातात नव्हतंच.

पहिला खेळाडू हरू शकत नाही, हे मात्र एकही स्थिती न तपासता सिद्ध करता येतं, आणि मला तो युक्तिवाद फार आवडतो. समजा, दुसऱ्याकडे जिंकायची हमखास युक्ती आहे. मग पहिल्यानं पहिली फुली कुठेही टाकावी, ती विसरून जावी, आपणच दुसरे आहोत असं समजावं आणि तीच युक्ती चोरून वापरावी. युक्तीनं सांगितलेल्या जागी आधीच फुली असेल तर आणखी कुठेही एक टाकावी. या खेळात जास्तीची फुली कधी आपल्याला नडत नाही. म्हणजे चोरलेल्या युक्तीनं पहिला जिंकणार! दोघंही हमखास जिंकणार, हे कसं शक्य आहे? तेव्हा दुसऱ्याकडे तशी युक्ती असूच शकत नाही. यातली कळ "जास्तीची चाल नडत नाही" या वाक्यात आहे. पुढच्या खेळांत नेमकी तीच सुटते.

खेळायचंच असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. समोरच्यानं कोपरा घेतला तर तुम्ही मधलं घर घ्या, त्यानं मधलं घेतलं तर तुम्ही कोपरा. आणि समोरच्याकडे समोरासमोरचे दोन कोपरे असतील, मधलं घर तुमचं असेल, तर तिसरा कोपरा घ्यायला जाऊ नका. कडेचं मधलं घर घ्या. माझ्या क्लासमधली निम्मी मुलं याच जागी फसतात.

काड्या: पाळी म्हणजे राज्य

कागदावर २१ उभ्या रेघा मारा. दोघांनी आलटून पालटून एक, दोन किंवा तीन रेघा खोडायच्या. शेवटची रेघ खोडेल तो जिंकला.

इथे उलटीकडून विचार करायचा. तुमची पाळी आहे आणि चारच रेघा उरल्यात. एक खोडा, समोरचा तीन खोडेल. दोन खोडा, तो दोन खोडेल. तीन खोडा, त्याला एक उरेल. काहीही केलं तरी गेलात. म्हणजे चार रेघांवर पाळी येणं हे राज्य. मग आठवरही तेच, कारण समोरचा तुमच्या आकड्यात भर घालून चार पुरे करतो आणि तुम्हाला पुन्हा चारवर आणून सोडतो. बारा, सोळा, वीस, सगळीकडे तेच. म्हणून २१ पासून पहिल्यानं एक खोडायची, वीस समोरच्याच्या गळ्यात मारायच्या आणि त्यानंतर प्रत्येक वेळी चाराची जोडी पुरी करत राहायची. पाढ्यांचा इतका रोकडा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

एकाऐवजी तीन ढीग असतील आणि एका वेळी एकाच ढिगातून हव्या तितक्या काड्या उचलता येत असतील, तर हा खेळ झाला निम. हार्वर्डच्या चार्ल्स बूटन यांनी १९०१ मध्ये त्याचं पुरं गणित मांडलं. आपल्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या काट्यावर समजून घेऊ. समजा तुमच्याकडे फक्त १, २ आणि ४ किलोचीच वजनं आहेत, आणि प्रत्येक ढीग तोलताना एक वजन एकदाच वापरायचं. ३ चा ढीग म्हणजे २ आणि १. ४ चा म्हणजे ४. ५ चा म्हणजे ४ आणि १. आता तिन्ही ढिगांत मिळून कुठलं वजन किती वेळा आलं ते मोजा. ४ दोनदा, १ दोनदा, २ एकदाच. बिनजोडीचं उरलं ते २. तीनच्या ढिगातून दोन उचला, आता प्रत्येक वजनाला जोडी आहे. ज्याच्या समोर सगळ्या जोड्या जुळलेले ढीग येतात, त्याच्यावर राज्य. तो काहीही उचलेल, जोडी मोडेलच. तुम्ही ती परत जुळवायची.

ठिपके आणि चौकोन: दोन घरं सोडणारी मुलगी

आता त्या मुलीकडे वळू. हा खेळ एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञानं १८८९ मध्ये छापून प्रसिद्ध केला. तीन खांबांवर चकत्या हलवायचं मनोऱ्याचं कोडंही त्याचंच, १८८३ मधलं. आपल्याकडे पाचवी ते दहावीच्या मुलांना लुकासचं नाव माहीत नसतं, पण खेळ सगळ्यांना येतो. पाच ओळींत पाच-पाच ठिपके, म्हणजे २५ ठिपके, ४० रेषा, १६ चौकोन. आळीपाळीनं एकेक रेष मारायची. चौकोनाची चौथी बाजू जो मारेल त्याचा तो चौकोन, त्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. आणि चौकोन मिळाला की लगेच आणखी एक रेष मारायची. मारायची म्हणजे मारावीच लागते. मुलांना हे बक्षीस वाटतं. राज्य दडलंय ते इथेच.

सुरुवातीला सगळे सावध खेळतात, कुठल्याही चौकोनाला तिसरी बाजू मारत नाहीत. मग एक वेळ अशी येते की बिनधोक रेषच उरत नाही. तेव्हा कागदावर दोन-दोन बाजू मारलेल्या चौकोनांच्या रांगा दिसतात. अशा रांगेला साखळी म्हणू. साखळीत कुणी एक रेष मारली की समोरचा पहिला चौकोन घेतो, त्यानं पुढचा उघडा पडतो, तोही घेतो. माळेचा दोरा एका जागी तुटला की सगळे मणी ओघळावेत तसं.

आता दोन साखळ्या उरल्यात, एक ६ चौकोनांची आणि एक १० ची, आणि रेष मारायची वेळ समोरच्यावर आलीय. तो अर्थातच लहान साखळी उघडतो. तुम्ही सहाच्या सहा चौकोन घेतले, छान वाटलं. पण सहावा चौकोन मिळाल्यावर आणखी एक रेष मारावी लागते, आणि आता उरलीय फक्त दहाची साखळी. ती तुम्हीच उघडता. निकाल ६-१०, तुम्ही हरलात.

ती मुलगी काय करते पाहा. सहापैकी चार चौकोन घेते. शेवटचे दोन उरले की त्यांच्या मधली रेष मारत नाही, पलीकडच्या टोकाची मारते. त्यामुळे दोन चौकोनांचा बंद डबा तयार होतो, आत मधली रेष तेवढी बाकी. या रेषेनं तिला चौकोन मिळत नाही, म्हणून पाळी समोरच्याकडे जाते. तो खूश होऊन मधली रेष मारतो, एका फटक्यात दोन चौकोन घेतो. आणि चौकोन मिळाला म्हणून त्याला आणखी एक रेष मारावी लागते. कुठे? दहाच्या साखळीत. निकाल १४-२.

दोन चौकोनांच्या बदल्यात दहा चौकोनांची साखळी उघडायचं राज्य तिनं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकलं. एवढंच गुपित. पण ते कळायला मलाही चाळिशी उलटावी लागली.

साखळ्या जास्त असतील तरी रीत हीच. ३, ३, ४ आणि ६ अशा चार साखळ्या असल्या आणि सगळं ओरबाडून घेत गेलात, तर ७-९ नं हराल. प्रत्येक साखळीत शेवटचे दोन सोडत गेलात आणि शेवटची तेवढी पुरी घेतलीत, तर १०-६ नं जिंकाल. साखळी तीन किंवा जास्त चौकोनांची हवी, कारण दोन चौकोनांच्या साखळीत समोरचा मधलीच रेष मारून ही सोय मोडून टाकतो. साखळी गोल फिरून स्वतःलाच मिळाली असेल तर दोनऐवजी चार सोडावे लागतात. ते मात्र दर वेळी परवडत नाही.

साखळ्या किती होणार, हे आधी कसं कळणार?

इथे मुलं अडवतात: "सर, पण शेवटी साखळी उघडायची वेळ माझ्यावरच आली तर?" बरोबर आहे. म्हणून खरी मारामारी खेळाच्या मध्यावर असते, चौकोनांसाठी नाही तर साखळ्यांच्या संख्येसाठी.

हिशेब असा. प्रत्येक रेषेनं दोनपैकी एकच गोष्ट होते: चौकोन मिळतो, नाहीतर पाळी जाते. रेषा आणि चौकोन किती, हे ठिपक्यांवरून ठरलेलं आहे. म्हणजे पाळी किती वेळा बदलणार हेही जवळजवळ ठरलेलं. त्यात एकानं फरक पडतो तो एका रेषेत दोन चौकोन जातात तेव्हा, आणि ते सहसा प्रत्येक लांब, म्हणजे तीन किंवा जास्त चौकोनांच्या, साखळीमागे एकदा होतं, शेवटची सोडून. यातून एक नियम निघतो. ठिपक्यांची संख्या आणि लांब साखळ्यांची संख्या यांची बेरीज करा. सम आली तर पहिली रेष मारणाऱ्याचं फावतं, विषम आली तर दुसऱ्याचं.

२५ ठिपक्यांच्या खेळात म्हणून पहिल्याला साखळ्या विषम हव्यात, दुसऱ्याला सम. वरच्या उदाहरणात दोन साखळ्या होत्या. २५ अधिक २, सत्तावीस. ती मुलगी दुसरी होती. कधी ती एक साखळी मधोमध तोडते, कधी दोन जोडून एक करते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, बाई उगाच रेषा मारतेय. अमेरिकेतले गणितज्ञ एल्विन बर्लेकँप यांनी या खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा कणा हाच नियम. अर्थात हा ठोकताळा आहे. गोल साखळ्या आणि मुद्दाम दिलेले एक-दोन चौकोन त्याला चकवू शकतात.

दोघांनाही सगळं कळलं तर?

२५ ठिपक्यांचा खेळ संगणकानं शेवटापर्यंत सोडवलेला आहे. दोघंही बिनचूक खेळले तर ८-८. चार बाय पाच चौकोनांचा खेळ २०१२ मध्ये सुटला, तोही बरोबरीत. हे सोपं काम नव्हतं. २५ ठिपक्यांच्याच खेळात ४० रेषांपैकी प्रत्येक एक तर मारलेली किंवा न मारलेली, म्हणजे शक्य चित्रं सुमारे १ लाख १० हजार कोटी. फुली-गोळ्याच्या ७६५ शेजारी हा आकडा ठेवून बघा. त्यामुळे वहीवर खेळणाऱ्या दोन माणसांनी बिनचूक खेळायची भीती बाळगायचं कारण नाही.

मोबाईलला हे कुणी शिकवलं?

फुली-गोळा संगणकावर १९५२ मध्येच आला. केंब्रिजच्या ए. एस. डग्लस यांनी तिथल्या एडसॅक या खोलीभर मोठ्या संगणकावर तो बसवला. पण सध्या एआयचा जो गजर चाललाय, तो समजून घ्यायला मला त्याहून काडेपेट्यांचं यंत्र जास्त उपयोगी वाटतं.

१९६१ मध्ये डोनाल्ड मिची यांनी ३०४ काडेपेट्या जमवल्या. एकेका पेटीवर फुली-गोळ्याची एकेक स्थिती काढली, आत रंगीत मणी भरले. प्रत्येक रंग म्हणजे एक घर. आपली पाळी आली की त्या स्थितीची पेटी हलवायची, जो मणी निघेल त्या घरात चाल करायची. खेळ हरला तर वापरलेले मणी काढून घ्यायचे. बरोबरी झाली तर त्या रंगाचा एक मणी जास्त टाकायचा, जिंकला तर तीन. सुरुवातीला यंत्र वेड्यासारखं खेळतं. हळूहळू वाईट चालींचे मणी संपतात आणि चांगल्यांचे वाढतात. पेटीला काही कळत नाही, तरी पेट्यांचा संच खेळायला शिकतो. शाबासकी आणि शिक्षा देऊन यंत्राला शिकवायची आजची रीत याच्याच मोठ्या भावंडांपैकी आहे. आम्ही क्लासमध्ये फक्त शेवटच्या काही चालींपुरत्या बारा पेट्या करून पाहिल्या. मणी सांडून जो गोंधळ झाला तो वेगळा.

त्या मुलाच्या मोबाईलला मात्र एवढं शिकायचीही गरज नाही. ७६५ स्थितींची उत्तरं आधीच काढलेली असली की काम झालं.

मग बुद्धिबळाचंही असंच?

हा प्रश्न सांगलीत येणारच. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावात तो आला नाही तरच नवल. एर्न्स्ट त्सर्मेलो या जर्मन गणितज्ञानं १९१३ मध्ये याचा पाया घातला: फासे नाहीत, लपवलेली पानं नाहीत, आणि खेळ कधीतरी संपतो, तर तिन्हींपैकी एक नक्की. पहिल्याचा हमखास विजय, दुसऱ्याचा हमखास विजय, नाहीतर दोघांच्या हातात बरोबरी. बुद्धिबळात यातलं नेमकं कोणतं, ते आजही कुणाला माहीत नाही. चेकर्स हा सोंगट्यांचा खेळ २००७ मध्ये कॅनडात सुटला, तो बरोबरीचा निघाला. बुद्धिबळ त्याहून कितीतरी मोठं.

मग वरचा चोरीचा युक्तिवाद लावून निदान "पांढरा हरू शकत नाही" एवढं तरी सिद्ध करता येईल? नाही येत. बुद्धिबळात जास्तीची चाल नडू शकते. राजा आणि एखादं प्यादं उरलेलं असतं, जागच्या जागी थांबता आलं असतं तर वाचलो असतो, पण चाल करावीच लागते आणि त्यातच मरण असतं. एकाच पटावर सुरुवातीला पाळी म्हणजे डाव, शेवटी शेवटी राज्य. कुठे बदललं ते ओळखणारा तो मोठा खेळाडू.

सगळं सुटलेलं असेल तर खेळायचं कशाला?

सगळं सुटलेलं नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटरसन यांनी एक खेळ काढला, स्प्राउट्स, म्हणजे मोड. कागदावर काही ठिपके काढा. एका ठिपक्यातून दुसऱ्याकडे किंवा वळून त्याच ठिपक्याकडे वेडीवाकडी रेष काढा आणि त्या रेषेवर एक नवा ठिपका ठेवा. रेषा एकमेकींना छेदायच्या नाहीत, एका ठिपक्याला तीनपेक्षा जास्त रेषा नाहीत. ज्याला चाल उरणार नाही तो हरला. थोड्या वेळानं कागद मोड आलेल्या मटकीसारखा दिसतो.

नवे ठिपके पडतच राहतात, मग हा खेळ संपतो कसा? प्रत्येक ठिपक्याला तीन जीव आहेत असं समजा. दोन ठिपक्यांनी सुरुवात केली तर एकूण सहा. प्रत्येक चालीत रेषेच्या दोन टोकांना दोन जीव जातात, आणि नव्या ठिपक्यावरून रेष गेलेलीच असल्यामुळे तो एकच जीव घेऊन जन्मतो. म्हणजे दर चालीला एक जीव कमी. आणि एकच जीव उरला की पुढे चाल नाही. म्हणून दोन ठिपक्यांचा खेळ पाच चालींच्या पुढे जात नाही, तीन ठिपक्यांचा आठच्या.

जिंकणार कोण? सुरुवातीच्या ठिपक्यांना ६ नं भागा. बाकी ३, ४ किंवा ५ उरली तर पहिला, ०, १ किंवा २ उरली तर दुसरा, असा अंदाज आहे. संगणकानं ४४ ठिपक्यांपर्यंतचे सगळे खेळ तपासले, अंदाज एकदाही चुकला नाही. पण तो कायम खरा ठरेल, हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

मी हे एकदा फळ्यावर सांगितलं आणि पस्तावलो. आता लाइट गेली की पहिली पाळी कुणाची यावरून भांडण होत नाही, ठिपके किती घ्यायचे यावरून होतं. परवा त्या आठवीतल्या मुलीनं सातवीतल्या मोबाईलवाल्याला अगदी मोठ्या मनानं पहिली चाल देऊ केली. कागदावर सात ठिपके काढून ठेवले होते. त्यानं बोटं मोजली, पेन्सिल उचलली, एक ठिपका खोडून टाकला आणि म्हणाला, "आता तू पहिली."